कोपनहेगन: श्वासाचा हिशेब मांडणारं शहर

कोपनहेगनमध्ये ब्रेडगाडे नावाच्या रस्त्यावर ६२ क्रमांकाची एक अठराव्या शतकातली इमारत आहे. मूळची ती शल्यवैद्यकाची अकादमी. आज तिथे वैद्यकाचं संग्रहालय आहे. १८८६ साली क्रिस्टियन बोर हे शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापक या इमारतीत सहकुटुंब राहायला आले. प्रयोगशाळा त्याच आवारात होती. घरातला मुलगा नील्स तिथेच लहानाचा मोठा झाला आणि पुढे विद्यार्थिदशेत पाण्याच्या पृष्ठताणावरचे त्याचे पहिले प्रयोग त्याने वडिलांच्याच प्रयोगशाळेत केले. अणूची रचना सांगून नील्स बोर जगभर गाजला, आणि क्रिस्टियन बोर बहुतेकांना फक्त ‘नील्सचे वडील’ म्हणून ठाऊक राहिले. वैद्यकाच्या पुस्तकांतला ‘बोर परिणाम’ मात्र वडिलांच्या नावाचा आहे, आणि श्वासाने घेतलेली हवा रक्तात कशी शिरते व रक्तातून कशी सुटते, या प्रश्नाशी या शहराचं जडलेलं नातं तिथूनच घट्ट होत गेलं.

नातं तसं त्याहून जुनं. विल्यम हार्वी यांनी १६२८ साली रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयाकडे येतं हे दाखवून दिलं, तरी हृदय म्हणजे उष्णतेचं उगमस्थान ही जुनी समजूत टिकून होती. कोपनहेगनमध्ये जन्मलेल्या निल्स स्टेन्सन यांनी १६६४ साली तिथेच छापलेल्या पुस्तकात ठामपणे सांगितलं, की हृदय हा एक स्नायू आहे. १६६९ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड लोअर यांनी काळपट रक्त फुप्फुसांत हवेशी गाठ पडली की लालभडक होतं हे दाखवलं. लाव्हाझिए यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्वसन हे एक प्रकारचं संथ ज्वलन असल्याचं मांडलं, आणि १८६४ मध्ये जर्मनीत होप-झायलर यांनी रक्तातल्या रंगद्रव्याला हिमोग्लोबिन हे नाव दिलं. बोर यांच्या हाती प्रश्न आला तेव्हा ऑक्सिजन हिमोग्लोबिनला धरून प्रवास करतो इतपत माहीत झालं होतं. तो किती घट्ट धरून बसतो, आणि नेमका हवा तिथेच का सुटतो, हे कोणाला सांगता येत नव्हतं.

बोर यांनी मोजायला सुरुवात केली. हवेतला ऑक्सिजनचा दाब थोडा थोडा बदलायचा आणि दर वेळी रक्ताने किती ऑक्सिजन उचलला ते पाहायचं. आलेखावर सरळ रेघ आली नाही, इंग्रजी ‘एस’सारखी वळणाची रेघ आली. आजचे आकडे घालून ती वाचली तर चित्र स्पष्ट होतं. ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटर असताना हिमोग्लोबिन सुमारे ९७ टक्के भरलेलं असतं. दाब ६० पर्यंत घसरला तरी ते ९० टक्के भरलेलं राहतं. पण त्याखाली उतार एकदम तीव्र होतो: ४० ला ७५ टक्के, २७ ला निम्मं. वरच्या सपाट भागामुळे माणूस डोंगरावर चढला, हवा विरळ झाली, तरी काही काळ निभावतं. खालच्या उतारामुळे स्नायूंना भरपूर ऑक्सिजन मिळतो. २०२१ च्या करोना लाटेत घराघरांत बोटाला ऑक्सिमीटर लावून ९४ की ९२ याची धास्तीने चौकशी होत होती. ९० च्या खाली गेलं की डॉक्टर इतकी धावपळ का करतात, याचं कारण बोर यांच्या रेघेतच आहे. तिथून पुढे दाबातली थोडीशी घट रक्तातला ऑक्सिजन भराभर खाली आणते.

१९०४ साली बोर, त्यांचे सहकारी कार्ल हासेलबाल्क आणि तरुण मदतनीस ऑगस्ट क्रोग या तिघांनी याच रेघेत आणखी एक गोष्ट घातली. कुत्र्याचं रक्त घेऊन त्यांनी त्याला कार्बन डायऑक्साइडच्या वेगवेगळ्या दाबांखाली ठेवलं: ५, १०, २०, ४० आणि ८० मिलिमीटर. कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी पूर्ण रेघ उजवीकडे सरकत गेली. म्हणजे त्याच दाबाला हिमोग्लोबिनने ऑक्सिजन अधिक सहज सोडला. हाच तो ‘बोर परिणाम’. काम करणाऱ्या स्नायूत कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याच्यामुळेच तिथे ऑक्सिजनची पकड सैल होते. फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पकड पुन्हा घट्ट होते. आत घेतलं जाणारं आणि बाहेर टाकलं जाणारं यांचा हिशेब एकाच खात्यात मांडावा लागतो, हे त्या दिवसांत कोपनहेगनला कळलं. पुढची अठ्ठेचाळीस वर्षं ते याच शहराला पुन्हा पुन्हा नव्याने कळावं लागलं, ही या इतिहासातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट.

बोर यांची दुसरी धारणा मात्र चुकीची निघाली. फुप्फुसाची पातळ भिंत ऑक्सिजन स्वतः ओढून रक्तात ढकलते, एखाद्या ग्रंथीसारखी, असं त्यांचं मत होतं. ते उगीच सुचलेलं नव्हतं. खोल पाण्यातल्या माशांच्या वाताशयात आसपासच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त दाबाचा ऑक्सिजन साठवलेला असतो. तिथे पेशी स्वतःच वायू आत ढकलतात, असं तेव्हा समजलं जाई. जे माशाला जमतं ते फुप्फुसाला का जमू नये? त्यांच्या मोजमापांत काही वेळा धमनीतल्या रक्ताचा ऑक्सिजनचा दाब फुप्फुसातल्या हवेपेक्षा जास्त येत होता, आणि इंग्लंडमधल्या जॉन स्कॉट हाल्डेन यांच्यासारखा कसलेला शास्त्रज्ञही याच मताचा होता.

क्रोग यांना शंका आली ती मोजण्याच्या रीतीबद्दल. त्यांनी एक नाजूक उपकरण घडवलं. त्यात मोहरीच्या दाण्याएवढा हवेचा बुडबुडा वाहत्या रक्ताच्या धारेत सोडला जाई. बुडबुडा इतका लहान, की त्यातले वायू रक्तातल्या वायूंशी थोड्याच वेळात समतोल साधत. मग तोच बुडबुडा बारीक नळीत ओढून त्यातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड किती ते पाहायचं. क्रोग यांची पत्नी मारी स्वतः डॉक्टर होती आणि या कामात बरोबरीने होती. १९१० साली त्यांनी एकामागून एक सात निबंध प्रसिद्ध केले. धमनीतल्या रक्ताचा ऑक्सिजनचा दाब फुप्फुसातल्या हवेपेक्षा किंचित कमीच भरत होता, दर वेळी. म्हणजे ढकलायला कोणी नको. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वायू आपोआप जातो, तेवढ्याने सगळं भागतं. गुरूचं मत खोडताना त्यांच्याविषयीचा आदर क्रोग यांनी लिहून ठेवला आहे. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, बोर वारले. हाल्डेन अखेरपर्यंत जुन्या मतावरून पुरते हटले नाहीत. १९२० साली केंब्रिजमध्ये जोसेफ बारक्रॉफ्ट सहा दिवस काचेच्या खोलीत विरळ हवेत राहिले आणि मनगटाची धमनी उघडून त्यांच्या रक्ताचं मोजमाप झालं. निकाल क्रोग यांच्याच बाजूने लागला.

आपोआप शिरणं पुरतं याचं कारण फुप्फुसाच्या घडणीत आहे. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो आणि त्याचं क्षेत्रफळ सत्तर चौरस मीटरच्या घरात जातं. लाल पेशी फुप्फुसाच्या केशवाहिनीतून जायला पाऊण सेकंद घेते आणि त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच ती भरून निघते. हा पडदा किती सहज वायू जाऊ देतो हे मोजायची युक्ती मारी क्रोग यांनी १९१५ च्या सुमारास वापरली: श्वासातून अगदी अल्प कार्बन मोनॉक्साइड घ्यायचा, क्षणभर श्वास रोखायचा, आणि किती वायू रक्तात गेला ते पाहायचं. पुण्या-मुंबईच्या श्वसनविकार तपासणी केंद्रांत ‘डीएलसीओ’ नावाने जी चाचणी होते, ती हीच.

फुप्फुसाचा प्रश्न सुटल्यावर क्रोग दुसऱ्या टोकाकडे वळले. स्नायूला अचानक दहापट ऑक्सिजन लागतो तेव्हा तो येतो कुठून? जिवंत प्राण्याच्या रक्तात काळी शाई सोडून त्यांनी स्नायूचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. विश्रांत स्नायूत शाईने भरलेल्या केशवाहिन्या विरळ दिसल्या, श्रम केलेल्या स्नायूत दाट. गरजेनुसार त्या उघडतात-मिटतात, असं त्यांनी मांडलं. एका केशवाहिनीतला ऑक्सिजन भोवतालच्या किती पेशींपर्यंत पोचू शकेल याचं गणित त्यांना कोपनहेगन टेलिफोन कंपनीतले गणिती एरलांग यांनी करून दिलं. या कामासाठी क्रोग यांना १९२० चं नोबेल मिळालं. दोनच वर्षांनी, मारींना मधुमेह असताना, दोघं टोरांटोला गेली आणि इन्शुलिन बनवण्याची परवानगी घेऊन परतली. डेन्मार्कच्या इन्शुलिन उद्योगाची सुरुवात त्यातून झाली. पण तो वेगळा विषय.

इकडे रक्ताच्या आम्लतेचं शास्त्रही याच शहरात आकाराला येत होतं. कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ साली आम्लता मोजायचं ‘पीएच’ हे माप आणलं. बोर यांचे जुने सहकारी हासेलबाल्क यांनी ते माप रक्ताला लावलं आणि १९१६ साली अमेरिकेतल्या हेंडरसन यांचं समीकरण नव्या रूपात मांडलं. त्याचा मथितार्थ असा, की रक्ताची आम्लता बायकार्बोनेट हे अल्क आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या परस्परप्रमाणावर ठरते. दोघांपैकी एकच आकडा हाती असेल, तर रक्त आम्लाकडे झुकलंय की अल्काकडे, हे सांगता येत नाही.

नेमकी हीच चूक १९५२ च्या उन्हाळ्यात घडली.

त्या वर्षी जुलैपासून कोपनहेगनमध्ये पोलिओची अभूतपूर्व साथ पसरली. शहराच्या संसर्गजन्य रोगांच्या ब्लेगडॅम रुग्णालयात डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत २,७२२ रुग्ण दाखल झाले. ऐन भरात दिवसाला पन्नासपर्यंत. ३०० हून अधिक जणांचे श्वासाचे किंवा गिळण्याचे स्नायू लुळे पडले होते. रुग्णालयाकडे माणसाला मानेपर्यंत आत झोपवायची एक लोखंडी टाकी आणि छातीवर बसवायची सहा कवचं होती, एवढीच श्वासाची यंत्रं. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांवर ठेवलेल्या ३१ जणांपैकी २७ दगावले. घशातली लाळ श्वासनळीत उतरायची, आणि यंत्रं छाती पुरेशी फुगवू शकत नव्हती.

मुख्य वैद्य लासेन यांना रक्ताचे अहवाल कोड्यात टाकत होते. रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसे. त्यावरून काही अनाकलनीय कारणाने रक्त अल्कधर्मी होत आहे, असा अर्थ लावला गेला. ऑक्सिजन दिला की ओठांचा निळेपणा जाई, रुग्ण गुलाबी दिसू लागे, आणि तरीही घामाने डबडबून, रक्तदाब चढून, हळूहळू शुद्ध हरपत मरे.

लासेन यांचे सहायक ब्योर्नेबो यांनी भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांना बोलवा असं सुचवलं. रोग्याच्या खाटेपाशी भूलतज्ज्ञाचं काय काम, असा प्रश्न तेव्हा रास्तच वाटला असता; त्यांचं क्षेत्र शस्त्रक्रियेची खोली. इब्सेन बॉस्टनला शिकून आले होते आणि शस्त्रक्रियेसाठी औषधाने लुळ्या केलेल्या माणसांना पिशवी दाबून तासन्‌तास श्वास देणं हा त्यांचा रोजचा धंदा होता. २५ ऑगस्टला लासेन यांच्याबरोबर झालेल्या बैठकीआधी त्यांनी मृतांची फुप्फुसं पाहिली. माणूस मरावा इतकी ती खराब झालेली नव्हती. मग मेले कशाने? इब्सेन यांनी अहवालातला तो वाढलेला आकडा उलट वाचला. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाहीये, तो रक्तात साठतोय, आणि त्याला तोंड देण्यासाठी शरीराने बायकार्बोनेट वाढवलंय. रक्त अल्कधर्मी नसून आम्ल असणार.

२७ ऑगस्टला त्यांना एक रुग्ण मिळाली. बारा वर्षांची मुलगी, चारही हातपाय लुळे, तापलेली, निळी पडलेली, स्वतःच्याच लाळेत गुदमरणारी. गळ्याला छेद घेऊन श्वासनळीत फुगेवाली नळी बसवली गेली. मुलगी धडपडू लागली, श्वासनलिका आकुंचन पावल्या, पिशवी दाबून हवा आत जाईना. जमलेले डॉक्टर एकेक करून निघून जाऊ लागले. इब्सेन यांनी तिला थायोपेंटल हे भुलीचं औषध टोचलं. तिची धडपड थांबली, स्वतःचा उरलासुरला श्वासही थांबला, आणि आता पिशवीने छाती व्यवस्थित उचलली जाऊ लागली. त्यांनी घशातली लाळ ओढून काढली, फुप्फुसं फुगवत राहिले. थोड्या वेळात घाम थांबला, रक्तदाब उतरला, त्वचा कोरडी आणि उबदार झाली. मग त्यांनी मुद्दाम तिला पुन्हा छातीच्या कवचावर ठेवलं आणि वरून ऑक्सिजन दिला. रंग गुलाबीच राहिला. पण कार्बन डायऑक्साइड चढू लागला, घाम परत आला. पिशवी हातात घेतली, आकडा पुन्हा उतरला. ऑक्सिजन भरपूर असूनही माणूस कसा मरतो, हे खोलीत राहिलेल्यांनी डोळ्यांनी पाहिलं. ती मुलगी त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं जगली.

इब्सेन यांचं म्हणणं आकड्याने सिद्ध केलं ते ब्लेगडॅमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पोल अस्ट्रुप यांनी. शहरातल्याच रेडिओमीटर कंपनीचं पीएच मोजायचं यंत्र वापरून त्यांनी रक्ताची आम्लता थेट मोजली. रक्त आम्लच निघालं.

आता यंत्रं नव्हती, पण रीत सापडली होती. लागणार होते हात. विद्यापीठातले वैद्यक आणि दंतवैद्यकाचे विद्यार्थी बोलावले गेले, आणि पाहता पाहता ब्लेगडॅममध्ये एक नवाच धंदा सुरू झाला: खाटेशी बसून दुसऱ्याचा श्वास घेण्याचा. सहा ते आठ तासांची पाळी. एका हाती रबरी पिशवी, शेजारी कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा-चुन्याचा डबा. पिशवी कडक लागू लागली की घशात कफ जमलाय हे तळहाताला कळे. मग नळी साफ करायची, रुग्णाला कुशीवर वळवायचं. गळ्यात नळी असल्याने रुग्णांना बोलता येत नसे, पण ते शुद्धीवर असत, आणि त्यांतली पुष्कळशी लहान मुलं होती. विद्यार्थी त्यांना गोष्टी वाचून दाखवत, ओठांच्या हालचालींवरून काय हवंय ते ओळखायला शिकत. एकाच वेळी सत्तरपर्यंत रुग्ण असे हाताने जगवले जात होते. साथ संपेपर्यंत सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी मिळून १,६५,००० तास पिशवी दाबली. श्वसनाचा लकवा झालेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण आधी ८० टक्क्यांच्या वर होतं. ते उतरत उतरत २५ टक्क्यांच्या आसपास आलं. काही विद्यार्थ्यांच्या हातात पिशवी असतानाच समोरचं मूल गेलं. विशी-बाविशीच्या मुलामुलींनी हे सोसलं आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाळीवर आली, याची नोंद वैद्यकाच्या इतिहासात शोधांच्या बरोबरीने व्हायला हवी.

बोर यांची रेघ, हासेलबाल्क यांचं समीकरण, सोरेन्सन यांचं माप, सगळं याच शहरात जन्मलेलं. आणि तरी त्याच शहराच्या रुग्णालयात त्यांतलं काही खाटेपर्यंत पोचलं नव्हतं. याचा दोष लासेन यांना देणं अन्यायाचं होईल. त्यांनी परक्या शाखेच्या तरुणाचं ऐकलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून अख्खं रुग्णालय त्याच्या पद्धतीवर वळवायला घेतलं. खरी उणीव होती ती मोजमाप सोपं नसल्याची. कार्बन डायऑक्साइडचा दाब थेट मोजायला वेळ लागे, रक्तही बरंच लागे. अस्ट्रुप यांनी पुढची काही वर्षं याच कामाला वाहिली. रक्ताचा नमुना कार्बन डायऑक्साइडच्या दोन ज्ञात दाबांखाली ठेवून पीएच मोजायचं, आणि त्या दोन बिंदूंमधल्या रेघेवर रुग्णाचा खरा दाब वाचायचा, अशी युक्ती त्यांनी काढली. रेडिओमीटरने तिचं यंत्र बनवून विकलं. अस्ट्रुप आणि त्यांचे तरुण सहकारी सिगार्ड-अँडरसन यांनी ‘बेस एक्सेस’ हे माप १९६० च्या सुमारास आणलं. अतिदक्षता विभागात नातेवाइकांच्या हाती जो ‘एबीजी’चा कागद पडतो, त्यावर पीएच आणि पीसीओटूच्या खाली हे माप आजही छापलेलं असतं.

इब्सेन यांनी १९५३ च्या डिसेंबरमध्ये कोपनहेगनच्या महापालिका रुग्णालयात वेगळा कक्ष उघडला. कुठल्याही आजाराचा रुग्ण असो, श्वास आणि रक्ताभिसरण सांभाळायला तिथे चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका हजर. जगातला पहिला अतिदक्षता विभाग म्हणून त्याचा उल्लेख होतो. १९५५ साली डेन्मार्कने पोलिओच्या लसीची मोहीम तडफेने राबवली.

विद्यार्थ्यांच्या हातातल्या त्या पिशवीला एक मोठी अडचण होती: ती फुगायला बाहेरून दाबाचा वायू सतत लागे. डेन्मार्कचेच भूलतज्ज्ञ हेनिंग रूबेन यांनी दाबून सोडली की आपली आपण फुगणारी पिशवी केली. एकाच दिशेने हवा सोडणाऱ्या झडपेसह ती १९५६ मध्ये आजच्या अंबू कंपनीने बाजारात आणली. महाराष्ट्रात १०८ च्या रुग्णवाहिकेपासून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत ‘अंबू बॅग’ याच नावाने ती ओळखली जाते, मग ती कुठल्याही कंपनीची असो. प्रसूतिगृहात तिचा लहान, पाव लिटरच्या आसपासचा आकार तयार ठेवलेला असतो. जन्मलेलं बाळ पुसून, चोळूनही श्वास घेत नसेल, तर पहिल्या मिनिटाच्या आत मुखवटा तोंडा-नाकावर बसवून मिनिटाला ४० ते ६० वेळा पिशवी दाबायची, असं परिचारिकांना शिकवलं जातं. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेनेच करायची असते. छाती उचलली जाते आहे ना, हे आधी पाहायचं. मग हृदयाचे ठोके मोजायचे. ऑक्सिजनची नळी लागलीच तर त्यानंतर जोडायची.